दीर्घ आजारपण असलेल्या घरी सणाला काय न्यावे: वापरून पाहिलेल्या भेटवस्तूंचे परीक्षण

सणाच्या सुट्ट्या जवळ आल्या की दीर्घ आजारपण असलेल्या घरी काय घेऊन जावे, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर घाईत शोधले जाते. अशा घरात भेटीची मानकरी माणसे दोन असतात: एक अंथरुणावर किंवा खुर्चीत असलेले, आणि दुसरे त्यांचे सगळे करणारे. सासूबाईंचा स्मृतिभ्रंश आणि त्यानंतर वडिलांचा अर्धांगवायू, या दोन्ही आजारपणांत आमच्या घरी अशा पुष्कळ भेटी आल्या, काही वस्तू मी स्वतः विकत घेतल्या आणि ज्या उपयोगी ठरल्या त्या पुढे इतरांच्या घरी दिल्या. त्यांपैकी काय रोजच्या वापरात राहिले आणि काय कपाटात गेले, ते इथे लिहिते आहे. पारखण्याची कसोटी मी एकच ठेवली आहे: वस्तू घरात आल्यावर काम वाढते का, आणि वाढत असेल तर ते कोणाच्या अंगावर पडते?

ही कसोटी काहींना कोरडी वाटेल, पण तिला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात साडेपाच कोटींहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांचे विनामोबदला करणारी घरची माणसे दिवसाला सरासरी ५ तास या कामात घालवतात आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या काळजीत जाणाऱ्या एकूण तासांपैकी सुमारे ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. ज्या बाईचे रोजचे पाच तास आधीच गेलेले आहेत, तिच्या हातात जोडणी करायची, चार्ज करायची, पुसायची किंवा शिकवायची आणखी एक वस्तू ठेवणे म्हणजे तिच्या कामाच्या यादीत एक ओळ वाढवणे होय.

रुग्णासाठी घेतलेल्या वस्तूंमध्ये सर्वांत समाधान देणारी वस्तू म्हणजे वार आणि दिवसाचा प्रहर दाखवणारे डिजिटल घड्याळ. साधे घड्याळ पाच वाजले एवढेच सांगते. ते पहाटेचे पाच की संध्याकाळचे, हे स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला खिडकीबाहेरच्या उजेडावरूनही उमगत नाही. या घड्याळावर ‘बुधवार, संध्याकाळ’ असे मोठ्या ठळक अक्षरांत येते, आणि सासूबाई ते दिवसातून अनेकदा मोठ्याने वाचत. वाराचा प्रश्न विचारणे थांबले नाही, पण प्रश्न विचारून झाला की त्या स्वतःच वळून उत्तर शोधू लागल्या, आणि त्या उत्तराचे श्रेय त्यांचे स्वतःचे असे. घेताना चार गोष्टी पाहाव्यात: वाराचे नाव पूर्ण लिहिलेले असावे, संक्षेप नसावा, अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत ठळक फरक असावा, रात्री पडद्याचा उजेड आपोआप मंद व्हावा, आणि वीज गेली तरी वेळ पुसली जाऊ नये. बऱ्याच घड्याळांत औषधाची आठवण करून देणारा रेकॉर्ड केलेला आवाज असतो. तो मी बंद ठेवायला सांगेन. खोलीत माणूस नसताना ओळखीचा आवाज आला की सासूबाई त्या माणसाला शोधायला उठत, आणि एकटीने उठणे हाच तर त्यांच्या बाबतीत मोठा धोका होता. घड्याळ पलंगावर पडल्या जागेवरून दिसेल इतक्या उंचीवर लावून देणे हाही भेटीचाच भाग समजावा.

डिजिटल फोटो फ्रेमबद्दल माझे मत चांगले आहे, पण त्यासाठी देणाऱ्याला बरीच तयारी करावी लागते. नातेवाईक आपापल्या फोनवरून फोटो पाठवतात आणि ते फ्रेमवर दिसू लागतात, ही सोय दूरच्या नातवंडांसाठी फार मोलाची आहे. मात्र दुकानातून आणलेली फ्रेम बहुधा काही सेकंदांना फोटो बदलते, आणि तो वेग आजारी माणसाला झेपत नाही. चेहरा ओळखेपर्यंत तो नाहीसा होतो. एकेक फोटो काही मिनिटे राहील असे सेटिंग आधीच करून द्यावे. फोटोखाली नुसते नाव लिहू नये, नाते लिहावे: ‘तुमची धाकटी नात, लग्नाच्या दिवशी’ असे लिहिले की वाचणाऱ्याला त्या चेहऱ्याशी बोलायला धागा मिळतो. टच स्क्रीनवर विसंबणारी फ्रेम शक्यतो टाळावी, कारण या पडद्यांना बोटाच्या त्वचेतून मिळणारा सूक्ष्म विद्युत्प्रभाव लागतो आणि म्हातारपणी कोरड्या पडलेल्या बोटांचा स्पर्श त्यांना अनेकदा कळतच नाही. माणूस पुन्हा पुन्हा बोट दाबतो, पडदा हलत नाही, आणि आपल्याला आता काहीच जमत नाही असे त्याला वाटू लागते. ज्या वस्तूमुळे हे वाटेल, ती कितीही देखणी असली तरी भेट म्हणून देऊ नये.

फोटो निवडताना आणखी एक जपणूक लागते, आणि तिच्याबद्दल दुकानदार काही सांगत नाहीत. दिवंगत माणसांचे फोटो टाकण्याआधी घरात करणाऱ्या व्यक्तीला विचारावे. ज्यांची अलीकडची स्मृती पुसली गेली आहे, त्यांना पतीचा किंवा भावाचा फोटो दिसला की ‘हे कुठे गेले आहेत?’ असा प्रश्न येतो, आणि त्याचे खरे उत्तर दिले तर ते दुःख त्यांच्यासाठी नव्याने, पहिल्यांदाच घडल्यासारखे घडते. काहींना मात्र हेच फोटो मोठा आधार देतात. घरात कोणाला काय सोसते, हे रोज जवळ असणाऱ्यालाच ठाऊक असते. आपण प्रेमाने पाठवलेला एक फोटो तिच्या पुऱ्या दुपारीवर पाणी फिरवू शकतो.

संगीताच्या साध्या पेटीला मी या सगळ्यांत वरचे स्थान देईन. बाजारात अशा पेट्या मिळतात ज्यांचे झाकण उचलले की गाणे सुरू होते आणि झाकण मिटले की थांबते. आवाजाचे आणि निवडीचे बटण मागे लपवलेले असते. अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) झालेल्या अनेकांमध्ये ओळखीच्या संगीताची स्मृती इतर स्मृतींपेक्षा बराच काळ टिकते, आणि स्मृतीच्या अभ्यासकांना दिसले आहे की वयस्क माणसांना साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक भरभरून आठवतात. म्हणून पेटी देणाऱ्याने हिशेब करावा: आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाचे ते वय कोणत्या काळात होते, तेव्हा त्यांच्या कानावर काय पडत होते, ते भावंडांना आणि मित्रांना विचारून गोळा करावे आणि तेच भरून द्यावे. सासूबाईंच्या पेटीत त्यांच्या धाकट्या बहिणीने सांगितलेली गाणी भरली होती. एरवी वाक्य अर्ध्यावर सोडणाऱ्या सासूबाई पलंगाच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरत आणि दुसरे कडवे गायिकेच्या आधी पुरे करत. त्या वेळी त्यांचे कपडे बदलणे, केस विंचरणे सोपे जाई, म्हणजे एकाच वस्तूने दोघींचे भले होत होते. कानात घालायचे इअरफोन मात्र देऊ नयेत. ते काढून टाकले जातात, हरवतात आणि शोधावे लागतात.

जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी विकसित केलेला ‘पारो’ हा सीलच्या पिल्लाच्या रूपातला यंत्रप्राणी मी फक्त पाहिला आहे, आमच्या घरी नव्हता. कुत्रा किंवा मांजर न घेता सील निवडण्यामागचा विचार मला पटतो: सीलला प्रत्यक्ष कोणी फारसे हाताळलेले नसते, त्यामुळे तो खरा वागतो की नाही अशी तुलना मनात येत नाही. पण तो महाग आहे आणि संस्थांनाच परवडण्याजोगा आहे. घरासाठी मऊ, धुता येणारी, थोडी वजनदार कापडी बाहुली किंवा प्राणी पुरतो. फक्त तो मांडीवर ठेवून पाहावा आणि नको असल्याचे दिसले तर आग्रह करू नये; काही ज्येष्ठांना ते लहान मुलासारखे वागवणे वाटते, आणि त्यांचे तसे वाटणे योग्यच आहे.

हातांना चाळा देणाऱ्या मांडीवरच्या गोधड्या, ज्यांना चेन, फिती, खिसे शिवलेले असतात, त्या अस्वस्थ हातांना खरोखर शांत करतात. बटणे आणि मणी घट्ट शिवलेले आहेत का, हे ओढून पाहावे, कारण सुटलेली लहान वस्तू तोंडात जाऊ शकते. जड ब्लँकेटबद्दल मात्र मला स्पष्ट इशारा द्यायचा आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे १० टक्के वजनाचे हे ब्लँकेट धडधाकट माणसाला सुखाचे वाटते. ज्याला ते स्वतःच्या हाताने दूर करता येत नाही किंवा ज्याला श्वासाचा त्रास आहे, त्याच्या अंगावर ते कधीही घालू नये. कोड्यांच्या बाबतीत, लहान मुलांची चित्रे असलेली जिगसॉ कोडी आणू नयेत. मोठ्यांसाठीची, कमी आणि मोठ्या तुकड्यांची, निसर्गदृश्यांची कोडी मिळतात, आणि त्यांत माणसाचा मान राखला जातो.

वडिलांच्या आजारपणात कपडे ही सर्वांत उपयोगाची भेट ठरली. एक हात चालत नसताना सदऱ्यात हात घालणे हे करणाऱ्याच्या कमरेला आणि रुग्णाच्या खांद्याला दोघांनाही त्रासाचे असते. पाठीमागून उघडणारे, वेल्क्रोचे किंवा बाजूने पूर्ण उघडणारे कपडे हा त्रास निम्म्याहून कमी करतात. बटणांच्या जागी चुंबक लावलेले शर्ट देखणे असतात, बाहेरून नेहमीच्या बटणांसारखेच दिसतात, आणि वडिलांना ते फार आवडले असते. पण त्यांच्या छातीत पेसमेकर होता. पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर (हृदयाचे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणणारे यंत्र) बसवलेल्या माणसाच्या छातीजवळ चुंबक आणू नये, ते किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावे असा सल्ला दिला जातो, आणि शर्टाचे बटण तर नेमके त्याच जागी येते. ही सूचना अनेकदा लेबलावर बारीक अक्षरांत असते. असा शर्ट घेण्याआधी घरी एक फोन करून विचारावे. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे मात्र निर्धास्तपणे द्यावेत, आणि एकाच रंगाचे बरेच जोड द्यावेत, म्हणजे धुतल्यावर जोडी लावत बसावे लागत नाही.

आता करणाऱ्या माणसाविषयी, जिच्याकडे भेट देणाऱ्यांची नजर उशिरा जाते. लोक तिला रुग्णाच्या उपयोगाची वस्तू देतात आणि ती तिचीच भेट समजतात. गोळ्यांचा आठवड्याचा डबा, उचलायचा पट्टा, न्हाणीघरातली खुर्ची, यांची गरज असते आणि त्या जरूर आणून द्याव्यात, पण त्या घराच्या गरजा आहेत. तिच्या नावाने कागदात गुंडाळून त्या देऊ नयेत. (डब्याविषयी एक सांगणे आवश्यक आहे: सगळी औषधे मूळ वेष्टनातून काढता येत नाहीत. हृदयविकारात जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी तिच्या मूळ काचेच्या बाटलीतच ठेवावी लागते. डबा देण्याआधी औषधविक्रेत्याला विचारावे.)

तिच्यासाठी घेतलेल्या वस्तूंपैकी कान उघडे ठेवणारे हेडफोन मला सर्वांत समर्पक वाटले. बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे महागडे हेडफोन ही लोकप्रिय भेट आहे, पण ज्या बाईला शेजारच्या खोलीतली हाक, खोकला किंवा पलंगाची करकर ऐकू यायलाच हवी, ती ते घालू शकत नाही. घातले तरी तिचे मन कानाशीच राहते. गालाच्या हाडावर टेकणारे, कानाचे छिद्र मोकळे ठेवणारे हेडफोन मिळतात. त्यांवर ती स्वयंपाकघरात काम करताना काही ऐकू शकते आणि हाकही चुकत नाही. तीच गोष्ट झोपेच्या मुखवट्याची आणि कानातल्या बोळ्यांची: रात्री दुसरे कोणी जागे राहणार असेल तरच त्यांना अर्थ आहे. हालचाल होताच लागणारे, फिकट नारिंगी उजेडाचे जमिनीलगतचे दिवे या घरात उत्तम भेट ठरतात. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, म्हणून रात्री वाट उजळलेली हवीच. आणि निळसर पांढरा उजेड झोपेला पोषक असलेल्या मेलाटोनिनला रोखतो, म्हणून रंग नारिंगी हवा. रात्री उठावे लागणाऱ्या दोघांचीही पुढची झोप त्याने वाचते. कृतज्ञतेची डायरी, ध्यानाच्या ॲपची वर्गणी, प्रेरणादायी पुस्तके यांविषयी मी एवढेच म्हणेन की तिने स्वतः मागितल्याशिवाय ती देऊ नयेत.

मालिशचे किंवा विश्रांतीगृहाचे कुपन अनेकजण मोठ्या मनाने देतात. पण कुपन वापरायचे तर तीन-चार तास रुग्णाजवळ कोणीतरी विश्वासाचे माणूस हवे, आणि ते शोधण्याचे काम तिच्यावरच येते. मग मुदत संपते. म्हणून कुपनासोबत ते तासही द्यावेत. स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली काळजी घेणाऱ्यांवरचा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली, जी पुढे २२ प्रश्नांच्या रूपात जगभर वापरली गेली. तिच्यातल्या सुरुवातीच्या प्रश्नांपैकीच एक प्रश्न असा आहे, की आपल्या माणसासाठी द्याव्या लागणाऱ्या वेळामुळे स्वतःसाठी पुरेसा वेळ उरत नाही असे वाटते का. वेळेची भेट या प्रश्नाला थेट भिडते, आणि मी वापरून पाहिलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा तिचे मोल मला अधिक वाटते.

ती भेट कशी द्यावी, यात मात्र पुष्कळ बारकावे आहेत. ‘काही लागले तर सांग’ हे वाक्य भेट नव्हे. त्यात मागण्याचे ओझे तिच्यावरच राहते. त्याऐवजी ठरावीक वार, ठरावीक वेळ आणि किती महिने हे लिहून द्यावे, आणि पहिल्या खेपेला ती घरात असतानाच जाऊन सगळे शिकून घ्यावे: कुशीवर कसे वळवायचे, गिळायला त्रास होत असेल तर पाणी किती दाट करून आणि कोणत्या चमच्याने पाजायचे, डायपर कुठे ठेवले आहेत, कोणत्या गोष्टीने चिडचिड होते आणि कशाने निवळते, कोणाला फोन करायचा. हे तिच्या शब्दांत एका कागदावर उतरवून घ्यावे. माझ्या नणंदेने हे केले होते. ती दर शनिवारी दुपारी येत असे, आणि पहिल्या काही वेळा मी घराबाहेर पडून कोपऱ्यावरूनच परत फिरले, कारण लक्ष घरात असे. तिने मला एकदाही ‘जा ना आता’ असे म्हटले नाही; शेजारच्या खोलीत झोपायला सांगितले. पुढे मी खरोखर बाहेर जाऊ लागले ते तिने लिहिलेला कागद वाचल्यावर, कारण त्यात सासूबाईंना डाव्या कुशीवर उशी कशी लागते हेदेखील बिनचूक लिहिलेले होते. ज्यांना स्वतः येणे शक्य नाही, त्यांनी प्रशिक्षित मदतनिसाच्या तासांचे पैसे भरावेत, आणि मदतनीस शोधणे, चौकशी करणे, वेळ ठरवणे हे सगळे स्वतः करावे.

काही वस्तू सरळ टाळाव्यात. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती किंवा कोणतीही ज्योत म्हणजे आगीला निमंत्रण आहे. सुगंधी तेलांची उपकरणे दमा असलेल्याला सोसत नाहीत. मधुमेहामुळे किंवा अर्धांगवायूमुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर गरम पाण्याची पिशवी आणि विजेची गादी यांनी भाजल्याचे त्या माणसाला कळतही नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाच्या खोलीत ताजी फुले आणि कुंडी नेऊ नये. खाण्याच्या वस्तू नेण्याआधी गिळण्याचा त्रास आणि पथ्य विचारावे.

दोघांना वेगवेगळ्या भेटी द्याव्यात आणि प्रत्येकावर त्या माणसाचे नाव लिहावे. सोबत पत्र असेल तर रुग्णाच्या पत्राची अक्षरे मोठी आणि काळी असावीत. करणाऱ्याच्या पत्रात तिच्या त्यागाचे कौतुक करण्याऐवजी तिच्या आवडीच्या, आजारपणाशी संबंध नसलेल्या एखाद्या गोष्टीविषयी लिहावे. वेष्टन सैल ठेवावे, कारण चिकटपट्टी आणि कडक प्लॅस्टिक सांधेदुखीच्या बोटांनी उघडत नाही. उपकरण असेल तर ते आधी खोक्यातून काढून, चार्ज करून, भाषा आणि वेळ लावून मगच न्यावे, आणि रिकामे खोके व पावती आपल्याचकडे ठेवावी, म्हणजे बदलायची वेळ आली तर ते काम आपणच करू. शेवटी दिवस: सणाच्या ऐन दिवशी त्या घरात पाहुणे, औषधांच्या वेळा आणि स्वयंपाक यांची गर्दी असते. दोन दिवस आधी किंवा चार दिवस नंतर, फोन करून, रुग्णाच्या झोपेची वेळ टाळून जावे आणि वस्तू जागेवर लावून, चालू करून दाखवूनच निघावे.